दर्भाचा कावळा

चित्र पुन्हा तिथेच अडकलं. टीव्हीवर अण्णा मांडवाच्या दाराकडे मान वळवून थिजले होते.

श्रीपादने जुन्या लॅपटॉपचा सर्व्हर करून घरातल्या साऱ्या कॅसेटी त्यावर चढवल्या होत्या, आईला बसल्या जागी टीव्हीवर बघता याव्यात म्हणून. बारशी, मुंजी, सगळं सुरळीत चाले. फक्त त्याच्या लग्नाचा व्हिडिओ इथे येऊन अडे. त्याने वायर बदलली, राउटर बदलला, फाइल नव्याने चढवली. अण्णा काही हलेनात.

"त्यांच्या दहाव्यालाही असंच झालं ना रे?" आई म्हणाली. "दुपार कलली तरी पिंडाला कावळा शिवेना. मग दर्भाचा कावळा शिववून तुम्ही घरी आलात. जीव कशात अडकलाय ते मला ठाऊक होतं, पण मला विचारलंत कुणी?"

"आई, हे मशीन आहे गं."

ती ऐकतच नव्हती. टीव्हीसमोर जाऊन तिने हात जोडले.

"वृंदाने स्वतःच्या मनाने लग्न केलं म्हणून तिला दार बंद केलंत. भावाच्या लग्नालासुद्धा बोलावू दिलं नाहीत, आणि स्वतः मात्र दिवसभर दाराकडे डोळे लावून बसलात. आणते मी तिला माहेरी. साडीचोळी करते. आता तरी सुटा हो!"

चित्र हललं. अण्णा खुर्चीतून उठले आणि मांडवाच्या दाराबाहेर गेले. श्रीपादला हे काही आठवत नव्हतं.

अण्णा परत आले, ते वृंदाताईचा हात धरून.