चपट्या पिना

जयराजच्या वडिलांच्या, आबांच्या, सिलिंडरमध्ये तासाभराचाच ऑक्सिजन उरला होता. थोरल्या भावाने अमेरिकेहून पाठवलेलं ऑक्सिजन मशीन जयराजने खोक्यातून काढलं आणि चपट्या पिनांना अ‍ॅडाप्टर लावून बोर्डात खुपसलं. त्याची बायको अंकिता मदतीला वाकली.

"तू हात लावू नगंस. दादानं धाडलेला मिक्सर हळद घालून जाळलास, तेवढं बास."

ती मागे सरली. जयराज बटण दाबणार, इतक्यात त्याच्या आईने, साळूबाईने, मेन स्विच पाडला.

"आये, आबांचा जीव चाललाय आन् तू लाईट घालवतीस व्हय?"

"त्यावर व्होल्ट किती लिवलंय, ते अंकिताला वाचू दे."

अंकिताने मागची पट्टी वाचली. "एकशेवीस. आपल्याकडं दोनशेतीस येतं. लावल्या लावल्या जळलं असतं."

जयराज दुसरा सिलिंडर आणायला इस्लामपूरला सुटला.

"आत्या, तुमाला कसं कळलं?" अंकिताने सासूला विचारलं.

साळूबाई आबांच्या उशाशी खाली मान घालून बसली. "वायरमन बोलला हुता. असल्या पिना दिसल्या की आदी व्होल्ट बगायचं."

"कवा?"



"तू हळद घालायच्या आदल्या दिवशी. त्यो मिक्सर मीच जाळला हुता."