सोबत आलेले

"थोडं काम आहे," म्हणत मुलाने स्कूटर दातांच्या दवाखान्यासमोर लावली आणि मला शेजारच्या जिन्याने वर नेलं, तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. वर पाटी होती: मानसोपचारतज्ज्ञ.

माझा सगळा जन्म तहसील कचेरीत गेला. म्हाताऱ्या बापाला वेडा ठरवून प्लॉट नावावर करून घेणारी पोरं मी पाहिली आहेत. रिसेप्शनवरच्या मुलीने फॉर्म पुढे करून सही मागितली. मी तो न वाचताच परत ढकलला.

आत डॉक्टरीणबाई होत्या. शॉकचं मशीन कुठे लपवलंय ते मी शोधत होतो, पण टेबल, खुर्च्या आणि पाण्याची बाटली सोडून काही दिसेना. त्यांनी विचारायच्या आत मीच सांगून टाकलं, "आज मंगळवार, सतरा तारीख. माझं डोकं ठणठणीत आहे."

"असणारच," त्या म्हणाल्या. "मला सांगा काका, हा घरी नीट जेवतो का? झोपतो का? पेशंटला जे सांगवत नाही ते घरच्यांकडून कळतं. मग औषध द्यायचं की नुसतं बोलत राहायचं, ते ठरवता येतं."

मी मुलाकडे पाहिलं. किती वाळला होता तो!

"दोनदा जिन्यापर्यंत येऊन परत गेलो, अण्णा," तो खाली बघत म्हणाला. "एकट्याला वर चढवेना."

बाहेर येऊन मी तो फॉर्म मागून घेतला. पेशंट म्हणून त्याचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, 'सोबत आलेले'. तिथे मी सावकाश, पूर्ण नावाची सही केली.