घरचाच साक्षीदार

"आपको तो इसमें कुछ नहीं मिल रहा ना?" वकीलबाईंनी चिरागला सहज विचारलं आणि मृत्युपत्राचं शेवटचं पान टेबलावर सरळ केलं.

चिराग भालचंद्रांकडे बघायला लागला. भालचंद्र वकीलबाईंकडे बघायला लागले. प्रश्न आपल्याला कळलाय की नाही, हेच त्यांना कळेना.

"म्हणजे?" ते मराठीतच बोलून गेले.

बाईंनी समजावून सांगितलं. साक्षीदार शक्यतो असा घेतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. उद्या कोणी भांडायला उठलंच, तर हा खोटं कशाला बोलेल, असं म्हणता येतं. "बाहर का आदमी अच्छा रहता है, अंकल. ये तो ठीक हैं. आपने बेटा एक ही लिखवाया है."

तसं सांगितलं होतं खरं. गेल्या महिन्यात दिल्लीतल्या लाजपत नगरच्या याच तळघरातल्या ऑफिसात, याच खुर्चीत बसून त्यांनी ‘मुलं किती’ या प्रश्नाला ‘एक’ असं ठणठणीत उत्तर दिलं होतं. शार्दूल. वारलेल्या पहिल्या बायकोचा, नोकरीसाठी बंगळूरला असलेला. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या बायकोने, सरलाने, ती आहे तोवर राहावं आणि तिच्यामागे फ्लॅट शार्दूलला जावा. दुसरं लग्न केलेल्या माणसाने असंच करावं, असं सगळे सांगत होते. आपण फार न्यायाने वागलो या आनंदात त्या दिवशी त्यांनी घरी जाताना जिलेबीही नेली होती. चिरागने ती आवडीने खाल्ली होती.

चिराग सरलाचा, तिच्या पहिल्या लग्नाचा. आईचा हात धरून सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आला, तेव्हा दप्तराचं ओझं त्याला पेलत नव्हतं. भालचंद्रांना तेव्हापासून ‘काका’ म्हणतो. वकीलबाईंनी ‘घरात माणसं किती’ असं विचारलं असतं, तर भालचंद्र न मोजता ‘तीन’ म्हणाले असते. बाईंनी मुलं विचारली. त्याला त्यांनी काय करावं?

आणि आज साक्षीदार लागणार म्हटल्यावर त्यांनी चिरागलाच ऑफिसात हाफ डे टाकायला लावला. एक साक्षीदार बाईंच्याच ऑफिसातला मुंशी होता, दुसराही परका कशाला? "साक्षीदार घरचाच बरा," असं सकाळी चहा घेताना ते म्हणाले होते आणि चिराग "बिल्कुल, काका" म्हणून लगेच तयार झाला होता. मानाने बोलावून आणून पोराला चारचौघांत दाराबाहेर उभं केलं त्यांनी.

"सही करा ना काका," चिराग म्हणाला. त्याने स्वतःच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "आधी तुम्ही करा, मग मी करतो. मला काही नकोय."

हे तो जरा घाईनेच म्हणाला. भालचंद्रांना ते लागलं.

त्यांनी पेन हातात घेतलं, पण डोक्यात नुसता गुंता झाला होता. सही करावी, तर चिराग बाहेरचा, हे त्याच्याच साक्षीने पक्कं होणार. न करावी, तर शार्दूलला काय सांगायचं? त्याच्या आईचे दागिने मोडून फ्लॅटची सुरुवात झाली होती, त्याचंही काही चूक नव्हतं. आणि चिरागने तरी काय करावं? ‘साक्षीदार होत नाही’ म्हणाला असता, तर वाटा मागितल्यासारखं दिसलं असतं. सरलाच्या मागे हा पोरगा कुठे राहील, हा प्रश्न त्यांच्या मनात आत्ता पहिल्यांदाच आला. त्यांना स्वतःची लाज वाटली.

सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते.

"माझा चष्मा घरी राहिला," भालचंद्र म्हणाले.

चष्मा त्यांच्या नाकावर होता. वकीलबाईंनी चष्म्याकडे पाहिलं, मग मुंशीकडे. मुंशी छताच्या पंख्याकडे बघायला लागला. चिरागनेही चष्म्याकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं.

"हो, घरीच राहिलाय," तो म्हणाला आणि त्यांच्या हातातलं पेन घेऊन त्याने टोपण लावलं. "फ्रिजवर बघितला मी सकाळी."

दोघं गाडीत बसून घराकडे निघाले. काहीतरी बोलायला हवं, एवढं भालचंद्रांना समजत होतं. काय, ते सापडत नव्हतं. यमुनेचा पूल येईपर्यंत त्यांनी तीनदा घसा साफ केला.

"शार्दूलशी बोलावं लागेल," शेवटी ते म्हणाले.

"अच्छा," चिराग म्हणाला आणि समोर बघत राहिला. थोड्या वेळाने त्याने एसीचा झोत त्यांच्या गुडघ्यांवरून दुसरीकडे वळवला.

सरलाने दार उघडलं. भालचंद्र तिच्याशी काही न बोलता तडक स्वयंपाकघरात गेले, चष्मा काढला आणि फ्रिजवर ठेवून दिला.

"झाली का सही?" तिने चिरागला विचारलं.

"नाही ना. साक्षीदारच मिळाला नाही."

"अरे, तू होतास की!"

चिराग खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता. आत भालचंद्र फ्रिजला हात टेकून उभे होते. त्यांना त्याचा चेहरा दिसत नव्हता, आवाज तेवढा ऐकू आला.

"मी कसा चालणार, आई? घरचा माणूस चालत नाही म्हणे."