अठरा नंबरचा खर्ज

गळा-केंद्रातल्या खुर्चीत कीर्तनकार वामनबुवा केळशीकर मान मागे टाकून बसले होते. कर्करोगानंतर बसवलेल्या त्यांच्या कंठात सात तुकडे होते. असे चाळीसच प्रकारचे तुकडे वेगवेगळे जुळवून कंपनी हजारो माणसांना आपापला आवाज देई. बुवांना आज फक्त खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, अठरा नंबरचा तुकडा बदलायचा होता. त्याच्या जडपणामुळे वरचा षड्ज लागेना, आणि रामनवमी तर चार दिवसांवर आलेली.

तेवढ्यात कीर्तनाला रोज पुढे बसणाऱ्या शैलजाताई धापा टाकत आल्या.

“बुवा, तेवढा बदलू नका! गेल्या वर्षी हे गेले, त्यांच्या गळ्यात हाच अठरा नंबरचा होता. बाकीचे सहा वेगळे. पण तुम्ही खालच्या आवाजात ‘बरं का’ म्हणता ना, तेव्हा हेच चहा मागताहेत असं वाटतं. त्यासाठीच येते मी.”

“आणि मी समजत होतो, निरूपणासाठी!” बुवा हसले.

“काढलेला तुकडा ताईंनाच देऊ का?” तंत्रज्ञ इरफानने विचारलं.

“नुसता तुकडा बोलतो का रे बाबा?” ताई म्हणाल्या. “त्याला माणसाचा श्वास लागतो.”

“पण ताई, रामजन्माला वरचा सूर कोण लावणार?” बुवा म्हणाले.

“आम्ही सगळे श्रोते लावू की! आणि तुमच्या मागे सूर धरायला झिलकरी कशाला उभे असतात?”

बुवा तुकडा न बदलता खुर्चीतून तसेच उठले.

रामनवमीला ऐन जन्माच्या क्षणी ते खालच्या सुरावरच थांबले. वरचा षड्ज सगळ्या सभामंडपाने उचलला. एकट्या शैलजाताई गप्प होत्या. त्या खालचा सूर ऐकत होत्या.