तळ्याकाठचे चार

गुलाबाचे वाफे झाले, काचेच्या घरातली निवडुंगं झाली, बाकावर बसून डब्यातला भात खाऊन झाला, तरी रुक्माबाईचं चित्त बागेत नव्हतं. नात खुशबू प्रत्येक झाडाची पाटी वाचून दाखवत होती आणि आजी नुसती हूं हूं करत होती.

"आजी, तू पाहूनच नाही राहिली. आली कायले मंग?"

"तळ्याकडं चाल. मले तिथं पाहाचं आहे."

चालता चालता तिनं सांगितलं. ही बाग लावायला घेतली तेव्हा रुक्माबाई इथं मजुरीला होती. पुण्याकडून नवेच आलेले साहेब जांभळाच्या रोपांकडे बोट करून म्हणाले, "तळ्याच्या काठाला चार लावा," आणि जीपमध्ये बसून गेले. आता झाडीपट्टीत चार म्हणजे चारोळीचं झाड, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. रुक्माबाईनं रोपवाटिकेतून चाराची रोपं डोक्यावर वाहून आणली आणि दिवसभर राबून चांगली वीस लावली.

खुशबू हसायला लागली. "मंग?"

"मंग काय. उदाराम मुकादम म्हने, उद्यापासून येऊ नोको. तुहा बाप तवा पाळण्यात होता. मी सायेबाले म्हनलं, तुमीच चार म्हनले."

साहेबांनी रोपं पाहिली. मग म्हणाले, "चूक माझी आहे. झाडं राहू द्या आणि बाईंनाही राहू द्या." त्या एका बोलण्यावर घरची चूल पेटती राहिली, पोरगा शिकला. साहेबांची बदली झाली आणि आभार मानायचे राहूनच गेले. झाडं तरी जागेवर असावीत, नाही तर हात जोडायचे कोणापुढे, एवढाच तिला घोर होता.

तळ्याच्या काठाला आता फरशी होती, बाकं होती. रुक्माबाई खाली बघत चालली. तेवढ्यात फरशीवर काळी बारीक फळं सांडलेली दिसली. तिनं मान वर केली.

"चारोळी," खुशबूनं पाटी वाचली.

"चार म्हन. चारोळी तं आतली बी." तिनं एक फळ पुसून तोंडात टाकलं. आंबटगोड. डोळे भरून आले, ते तिनं पुसले नाहीत.

"वीस कुठं आहेत पण?"

"चाराले पान्याचा काठ मानवत नाही, माय. मेले असतील बाकीचे."

खुशबू काठानं पुढे जाऊन आली आणि गालातल्या गालात हसत उभी राहिली. "आजी, तूच मोज."

रुक्माबाईनं एकेका खोडाला हात लावत मोजलं. मग परत एकदा मोजलं. जीप ज्या फाटकातून गेली होती, तिकडे तोंड करून तिनं हात जोडले.

"घ्या सायेब. तुमचेही चार, माहेही चार."