मालकाचा रकाना

"मॅडम, मालकाच्या रकान्यात शाळेत जाणारी मुलगी चालते का?"

भिंगरीने एका दमात विचारून टाकलं. हे विचारायची तुझी छातीच होणार नाही, अशी पैज तिच्या दोन मैत्रिणींनी लावली होती. आता त्या दोघी कुंपणावर बसून एकमेकींना चिमटे काढत होत्या.

घोड्यांच्या संघटनेकडून आलेल्या तपासनीस बाई तबेल्याच्या दारात उलट्या बादलीवर बसून अर्ज भरत होत्या. जातिवंत घोड्यांच्या नोंदवहीत नाव लागायचं, तर आधी बाईंची तपासणी आणि वर हा अर्ज. तबेल्यातल्या घोडीच्या पिल्लाचा, शिंगरीचा, जन्म, तिचे आई-बाप, सगळं लिहून झालं होतं. बाईंनी चष्म्यावरून भिंगरीकडे पाहिलं.

"चालते. खाली पालकांची संमती लागते. या शिंगरीला सांभाळतं कोण?"

याचं उत्तर बाबांनाच द्यावं लागलं. बाबा नालबंद. उभी हयात दुसऱ्यांच्या कागदवाल्या घोड्यांना नाल ठोकण्यात गेली. आपल्या दारात एक तरी नोंदवहीतलं जनावर असावं, एवढीच त्यांची हौस. आठ महिन्यांच्या या काळ्याभोर पोरीचा चारा, खरारा, लीद काढणं, पाय उचलायला शिकवणं, सगळं आमची भिंगरीच करते, शाळेत तेवढं तिला नेत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मग स्वतःचं नाव सांगायला उघडलेलं तोंड मिटलं आणि लेकीचं नाव सांगितलं.

कुंपणावरच्या दोघी पडता पडता वाचल्या.

तपासणी सुरू झाली. अर्जावर घोड्याचं नुसतं रेघांचं चित्र होतं. जनावरावर जे दिसेल ते बाई त्यात भरत होत्या. कपाळावर एक भोवरा, मानेवर दोन. आयाळीतले चार केस मुळासकट उपटून पाकिटात घातले. त्यावरून आई-बाप खरे की खोटे ते कळतं म्हणे. शिंगरीने त्या बदल्यात बाईंच्या टोपीचा काठ चाखून पाहिला. बाई गुडघ्यावर हात टेकून वाकल्या, पोटाखाली नजर फिरवली आणि लिहिलं: पांढरं, कुठेही नाही.

बाबा नालांची पेटी आवरू लागले. ती आधीच आवरलेली होती.

बाईंनी कागद भिंगरीपुढे धरला. सहीच्या वर एक ओळ छापलेली होती. ती तिने वाचली. मग पुन्हा वाचली. 'वरील वर्णन सत्य असून त्याची जबाबदारी मालकावर राहील.'

पेन हातातच राहिलं. सकाळी ती चारा घेऊन आली, तेव्हा बाबा शिंगरीच्या पोटाशी उकिडवे बसले होते आणि त्यांच्या हातात बुटाच्या काळ्या पॉलिशची डबी होती. अंगावर पांढरं असलेलं जनावर मुख्य नोंदवहीत घेत नाहीत. तळहाताएवढा तो डाग बाबांनी असा मिटवला होता, की इथे डाग होता म्हणून सांगितलं तरी कुणाला खरं वाटू नये. त्यांनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं आणि तीही हसून पुढे गेली होती. तेव्हा मालक बाबाच होणार होते.

"मॅडम, पोटाखाली पांढरं आहे," ती म्हणाली. "आज तेवढं दिसत नाहीये."

 स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघत असलेली आई वाटीभर तेल आणि जुनं फडकं घेऊन बाहेर आली. घरातलं पॉलिश सकाळपासून कुठे गेलं ते आता कळलं, एवढंच म्हणाली. भिंगरीने डाग घासून मोकळा केला. शिंगरीला गुदगुल्या होत होत्या. एकदा तर ती भिंगरीच्या डोक्यावरच बसणार होती.

बाईंनी डाग पाहिला, काळं झालेलं फडकं पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं.

"नालबंद, सडलेल्या खुरावर कधी पॉलिश लावून नाल ठोकलात?"

बाबांचे कान लाल झाले. "आजवर नाही."

"मग इथे का?"

"ते खूर लोकांच्या घोड्यांचे," बाबा म्हणाले. "ही आपली."

बाईंना हसू आवरेना. केसांचा कलप पाहिला, कोळसा पाहिला, एकदा तर दौतीतली शाई पाहिली, पण बुटाचं पॉलिश पहिल्यांदाच, असं म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. तीन वर्षांनी पुन्हा तपासणी होते. तेव्हा कागद आणि घोडी जुळली नसती, तर नाव कायमचं कटलं असतं. आता मुख्य नोंदवहीत नाही, पण पुरवणी नोंदवहीत नोंद नक्की होईल. आणि पुरवणीतल्या घोडीला मुख्य नोंदवहीतल्या घोड्यापासून बिनडागाचं शिंगरू झालं, तर ते थेट मुख्य नोंदवहीत जातं.

चित्रातल्या पोटावर बाईंनी लाल पेनने एक गोल काढला. भिंगरीने सही ठोकली. ती इतकी लांबली की शेवटचं अक्षर पालकांच्या जागेत घुसलं. उरलेल्या कोपऱ्यात बाबांनी आपली सही दाटीवाटीने बसवली.

बाई गेल्या. पैज हरल्याचं कबूल न करताच मैत्रिणी पळाल्या. बाबा उलट्या बादलीवर जाऊन बसले आणि पुरवणी तर पुरवणी, असं दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा जरा हळू. आई फडकं उलटसुलट करून, हे आता धुवावं की टाकावं, ते बघत होती.

भिंगरी कागद छातीशी धरून दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"मी एक ठरवलंय. मालक म्हणून," ती म्हणाली. "हिचं पहिलं शिंगरू मुख्य नोंदवहीत जाणार आणि ते बाबांच्या नावावर लागणार. फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी बाबांनी मामाकडे मुक्कामाला जायचं."