सुईणीची परीक्षा

"तुमची सुईण पटत नाही," परीक्षकाने लिहिलं, "तिच्या हातून एकही बाळ दगावत नाही."

त्या ऑनलाइन खेळात खेळाडूने रचलेलं पात्र परीक्षकाला पटल्याशिवाय खेळातल्या गावात घर मिळत नसे. निवृत्त नर्स कुमुदिनीताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. कालचं पोर मला बाळंतपण शिकवणार!

मग चष्मा पुसून त्यांनी कुणालाच न सांगितलेलं, आपल्या हातचं एक बाळंतपण सुईणीच्या तोंडून लिहिलं. ते बाळ रडलंच नव्हतं.

"आत या, सुईणबाई," परीक्षकाचं उत्तर आलं. पाठोपाठ, ते वाचून, कुंभार झालेल्या खेळाडूने लिहिलं, "आज माझ्या घरी चूल पेटणार नाही." मग लोहाराने, तेलिणीने, पाटलानेही तेच लिहिलं.

कुमुदिनीताईंनी स्क्रीनला हात जोडले. चौतीस वर्षं एकटीने धरलेलं सुतक आज गावाने वाटून घेतलं होतं.